गेट फक्त साथीसाठी

३ जुलै

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मंत्र्याला पत्र कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून नेहमीसारखंच लिहिते. फोन करणार होते, पण तुझ्याकडचा फोन आधी सेक्रेटरी उचलतो, मग त्याचा मदतनीस, आणि तू येईपर्यंत मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते. पेपरातला फोटो पाहिला. मास्तरीणबाईंना म्हणावं, नवऱ्याच्या गळ्यात हार पडण्याआधी त्याच्या कॉलरची उसवलेली शिवण तरी बघत जा. बसच्या सीटा शिवण्यात जन्म गेलेल्या बहिणीच्या डोळ्यांतून अशी गोष्ट सुटत नाही.

आता मुद्द्याचं. वर्कशॉप ठेकेदाराला द्यायचं ठरलंय, हे तुला ठाऊक असणारच, तुमच्याच सरकारने ठरवलंय. रोजंदारीवरची सगळी माणसं या महिन्याच्या शेवटी घरी. त्यात माझ्या गादीखात्यातल्या निम्म्या बायका आल्या. परवा सकाळी सगळे कामावर आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. गेटला आतून कुलूप आहे. एकही बस दुरुस्त होऊन बाहेर पडत नाही, आणि शहरातल्या निम्म्या गाड्या बंद पडल्यात.

युनियनचा सेक्रेटरी सध्या आमचा बारक्या आहे, हे तुला सांगायला नको. दारातून वाकून आत यावं लागतं इतका वाढला, तरी बारक्याच. तू ज्या खुर्चीवर बसायचास तिच्यावर बसतो, आणि तुझ्यासारखाच टेबलावर हात आपटतो. भाचा मामावर गेला, आता मामाने निस्तरावं.

तुझा नियम अजून पाळतात बरं का. गेट फक्त साथीसाठी उघडायचं. नव्या पोरांनी तुला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, पण नियम तोंडपाठ आहे. तुला साथी म्हणणाऱ्यांना तू नामदार झालास हे अजून पचलेलं नाही.

मी घरीच आहे. पाय सुजलेत. डबा पाठवते, तेवढंच. तू सरकारात आहेस, तर सरकारशी बोल.

तुझी ताई

७ जुलै

ती. ताई,

सा. न. तुझं पत्र मी चारचौघांत वाचायला घेतलं आणि कॉलरच्या ओळीला घाईघाईने खिशात घातलं.

ताई, तू शांतपणे ऐक. मी ज्या कामासाठी हे खातं घेतलं, ते आता हाताशी आलंय. रोजंदारीचा कायदा. ठरावीक काळ काम केलेल्या प्रत्येक माणसाला कायम करायचं, म्हातारपणी पेन्शन द्यायचं. फक्त वर्कशॉपमध्ये नाही. विटा वाहणाऱ्या, इस्पितळात फरशी पुसणाऱ्या, गोदामात पोती शिवणाऱ्या, सगळ्यांना. तुला आठवतं, पेंटखात्यात बसवर नंबर रंगवता रंगवता मी हेच बडबडायचो आणि फोरमन म्हणायचा, आधी नंबर सरळ काढ. त्यानंतर नोकरी गेली, तुरुंग झाला, पक्ष फुटला, पुन्हा फुटला. एका निवडणुकीत तर अनामत जप्त झाली आणि तू म्हणालीस, निदान घरच्या मतांची तरी मोजणी नीट झाली का ते विचार. हे सगळं ज्यासाठी केलं, ते विधेयक महिनाअखेरीला सभागृहात मतदानाला येतंय.

पण सरकार काठावर आहे. आमच्या पक्षाची मूठभर माणसं बाहेर पडली तर ते कोसळेल. आणि दुसऱ्या बाजूला, ठेकेदारांच्या पंगतीत बसणारे आमचेच मित्रपक्षवाले निमित्ताला टपलेत. माझं वर्कशॉप, माझी युनियन, माझा भाचा. ते म्हणणार, ज्याला घरचं आवरत नाही तो राज्याचा कायदा काय करणार? विधेयक गुंडाळून ठेवतील, आणि एकदा गुंडाळलेलं पुन्हा उलगडत नाही.

बारक्याला समजाव. मतदानापर्यंत थांबा म्हणावं. कायदा झाला की ठेकेदारालाही तुम्हाला काढता येणार नाही. पोलीस येणार अशा अफवा उठतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. इथे तशी कसलीही चर्चा नाही.

तू घरी आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. घरीच राहा.

तुझा
धाकटा

११ जुलै

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र बारक्याने सभेत वाचलं. कायद्याच्या भागाला टाळ्या पडल्या, खोटं नाही सांगत. पेंटखात्यातला तो तोतरा म्हातारा रडला. पण 'थांबा' आलं आणि टाळ्या थांबल्या. मग एकजण म्हणाला, कायदा महिनाअखेरीला, आणि आम्ही घरी जाणार तेही महिनाअखेरीला. दोघांत आधी कोण पोचणार ते साथी लिहून देतील का? उत्तर तूच दे.

काल वर्कशॉपचं पाणी तोडलं. शाळेच्या मैदानात निळे ट्रक येऊन उभे राहिलेत, ताडपत्रीखाली माणसं बसलेली. तू लिहिलंस चर्चा नाही. मग ते काय सहलीला आलेत?

पहिल्या संपाच्या वेळचं तुला आठवत असेल. बाहेरून पोलीस कर्ण्यावर ओरडले होते की साथीने तडजोड केली, गेट उघडा. आपल्या भोळ्या माणसांनी उघडलं, आणि मग जे झालं ते झालं. तू तेव्हा दुसऱ्या गावी सभेत होतास. परत आल्यावर याच गेटसमोर उभं राहून तू नियम केलास. माझ्या नावाने कुणी काहीही सांगो, मी स्वतः चालत, एकटा येईन, गेटच्या खिडकीतून माझं तोंड बघा आणि मगच किल्ली फिरवा. तो नियम माणसं अजून सांभाळून आहेत. तू मात्र तिथे बसून आम्हाला धीर धरा म्हणतोस.

रागावून लिहितेय, कारण जिवाला घोर लागलाय. बारक्या हट्टी आहे आणि ट्रकमधल्या पोरांच्या हातात काठ्या आहेत. यातून काहीतरी वाट काढ रे.

मी घरी आहे, सारखं सारखं बजावू नकोस.

ताई

१४ जुलै

ती. ताई,

सा. न. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. तुला ताप नको म्हणून. पोलीस पाठवायची फाईल आठवडाभर फिरत होती. आज मंत्रिमंडळात ती पुढे आली. मी टेबलावर हात आपटला, बारक्यापेक्षा जोरात. म्हणालो, एक संधी द्या. ते गेट कुणासाठी उघडत नाही, पण माझ्यासाठी उघडतं. मी आत जातो, बोलतो आणि माणसांना घेऊन बाहेर येतो. काठी लागणार नाही.

मुख्यमंत्री हसले. म्हणाले, जा, तुमचं माहेर आहे ते.

गुरुवारी सकाळी येतोय. कायदा मंजूर होईपर्यंत एकालाही काढणार नाही, असा शब्द त्यांनी दिलाय. ठेकेदाराचा करारही तोवर थांबेल. मला वाटतं, यावर बारक्याला नाही म्हणता येणार नाही. मंत्र्याबरोबर पोलीस असावेत असा नियम आहे, तो मला मोडता येत नाही, पण दोघेच असतील आणि ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी थांबतील. पुढे मी एकटा, चालत.

सगळ्यांना सांगून ठेव. बऱ्याच दिवसांनी आज मला आपण कुणाच्यातरी उपयोगाचे आहोत असं वाटलं.

धाकटा

१६ जुलै

प्रिय धाकट्या,

सभेने मान्य केलं, पण रडतखडत. बारक्या म्हणाला, 'मामा येतोय की मंत्री येतोय, ते आधी बघायला पाहिजे.' मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, तुला खांद्यावर बसवून मोर्चाला नेणारा माणूस आहे तो, त्याच्याबद्दल असं बोलायचं नाही. त्याने डोळे काही खाली घातले नाहीत.

मुख्यमंत्र्यांचा शब्द लेखी आण. शब्द हवेत विरतो.

आणि आणखी एक. अजून काही लपवलं असशील तर आत्ताच सांग. मी तुला वाढवलंय. तुझं पत्र फार गोड झालं की त्यात काहीतरी लपवलेलं असतं.

ताई

२० जुलै

धाकट्या,

तू पत्र पाठवशील म्हणून वाट पाहिली. आलं नाही. मग मीच लिहिते.

मी घरी नव्हते. पहिल्या दिवसापासून आत होते. माझ्यामुळे तुझे हात बांधले जाऊ नयेत म्हणून खोटं लिहिलं. शेजारीण तुझी पत्रं डब्याखाली ठेवून आणायची.

गुरुवारी किल्ली माझ्याकडे दिली होती. बारक्यानेच दिली. म्हणाला, तुझा भाऊ आहे, तूच ओळख. तू खिडकीशी आलास. दाढी नीट केलेली नव्हती. तू 'ताई?' म्हणालास, मला तिथे बघून तुझा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आनंदाने. मी किल्ली फिरवली.

पोलीस भिंतीला चिकटून उभे होते, दोन्ही बाजूंनी. गेट हातभर उघडलं आणि लोंढा आत घुसला. मी दारामागे चेपले गेले म्हणून वाचले. तू काहीतरी ओरडत होतास, ऐकू आलं नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आणि सगळ्यांनी पाहिली. एवढा लोंढा आत गेला, पण तुला वळसा घालून गेला. तुझ्या अंगाला कुणाचा धक्कासुद्धा लागला नाही.

बारक्याचा उजवा हात मोडलाय, दोन ठिकाणी. इस्पितळात आहे, खाटेशी पोलीस बसवलेत. हात पुन्हा पाना धरेल की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. तोतऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्याला टाके पडलेत. कालपासून गेट उघडंच आहे, बाहेरच्या माणसांना आणून काम चालू केलंय.

मला एकच विचारायचं आहे. तुला माहीत होतं का?

ताई

२२ जुलै

ताई,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांत मी फार चांगला दिसत होतो.

जे झालं ते सांगतो. बुधवारी संध्याकाळी विश्रामगृहावर पोलीसप्रमुख आला. चहा घेतला, आणि सहज विचारलं, साहेब, गेट किती वाजता उघडेल? मी सांगितलं. मला वाटलं माझ्या बंदोबस्तासाठी विचारतोय. खरंच वाटलं, की वाटून घेतलं, ते आता मला सांगता येत नाही.

सकाळी सायकलच्या दुकानापासून पुढे निघालो. शाळेचं मैदान लागलं. ट्रक नव्हते. ताडपत्र्या नव्हत्या. मैदान मोकळं होतं. ताई, मी तिथे थांबलो. एवढे ट्रक गेले कुठे, हा प्रश्न मला पडला. तेव्हाच परत फिरलो असतो तर गेट उघडलंच नसतं. पण परत फिरलो असतो तर बोलणी फिसकटली, संप चालू राहिला, आणि विधेयक गेलं. मी मनाला सांगितलं, मुख्यमंत्र्यांनी शब्द पाळला, ट्रक परत बोलावले. आणि चालत राहिलो. खिडकीत तू दिसलीस तेव्हा मला कळलं की मनाला सांगितलेलं खोटं आहे. मी 'उघडू नको' म्हणायला तोंड उघडलं, आणि 'ताई' एवढंच आलं. तेवढ्यात किल्ली फिरली होती.

तर माहीत होतं का? मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही.

मुख्यमंत्री म्हणतात, माणसं बाहेर काढायचं ठरलं होतं, तुम्ही गेलात आणि माणसं बाहेर आली, शब्द मोडला कुठे? मी राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी अधिवेशन सुरू होतंय, त्याच्या आधी देतो. आमचे सगळे बाहेर पडतील. सरकार पडू दे. बारक्याच्या हातावर उभा राहिलेला कायदा मला नको.

धाकटा

२४ जुलै

धाकट्या,

बस सुरू झाल्यात, म्हणून हे कंडक्टरच्या हाती देतेय. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

राजीनामा द्यायचा नाही. अजिबात नाही.

तुझं पत्र मी इस्पितळात बारक्याला वाचून दाखवलं. खाटेशेजारचा पोलीस बाहेर जाऊन उभा राहिला, त्यालाही ऐकवेना. बारक्याने पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, 'राजीनामा देऊन मामा मोकळा होईल. हारतुरे पडतील, साथी तत्त्वाला जागला म्हणतील. आम्ही कशाने मोकळे व्हायचं?'

मलाही हेच म्हणायचं आहे. तू आमचं गेट देऊन बसलास. आता त्याच्या बदल्यात जे आणायला गेला होतास ते घेऊन ये. त्या मुख्यमंत्र्याच्या शेजारी बस, तो हसला तर तूही हस, नाक मुठीत धरून राहावं लागलं तर राहा. विरोधक तुला भाच्यावरून टोचतील, ते गिळ. पण कायदा करूनच ऊठ. आता अर्ध्यावर सोडलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही. त्यानंतर तुझं तू बघ.

जेवत जा. मास्तरीणबाईंचं पत्र आलं होतं, तू जेवत नाहीस म्हणून.

ताई

३१ जुलै

ती. ताई,

सा. न. झाला. कायदा झाला.

मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समोरून ओरडा झाला, 'भाच्याचा हात कसा आहे?' मी म्हणालो, मोडलेला आहे. माझ्यामुळे मोडलाय. आता पुढचं कलम ऐका. त्यानंतर सभागृह थोडं शांत झालं. शेवटपर्यंत मला खात्री नव्हती. मित्रपक्षाचे दोघे ऐन मतदानाच्या वेळी उठून बाहेर गेले. पण विरोधी बाकांवरचा एक म्हातारा, जन्मभर माझ्याशी भांडलेला, आमच्या बाजूने उभा राहिला. काठावर निभावलं. कामावरून काढलेली सगळी माणसं या कायद्याने परत घ्यावी लागतील, तुमच्या वर्कशॉपमधली धरून. अटकेतल्यांवरचे खटलेही काढून घ्यायला लावले. ते होईपर्यंत जागचा हललो नाही.

मग राजीनामा दिला. मुख्यमंत्री म्हणाले, आता कशाला? मी कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि निघालो. बंगल्यावर आमचं सामान थोडंच होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, बरं झालं, पडदे मला कधीच आवडले नव्हते.

ताई, मला परत यायचं आहे. युनियनचं सभासदत्व मी कधी सोडलं नव्हतं, पण आता ते मागून घ्यावं असं वाटतं. पद नको. युनियनच्या ऑफिसात पत्रकं लिहीन, अर्ज भरून देईन, खुर्च्या लावीन. सभेला विचारशील का? नऊ तारखेच्या बसने निघतो.

धाकटा

५ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. बारक्या घरी आला. प्लास्टर खांद्यापर्यंत आहे. मी घास भरवते आणि तो चिडतो. बोटं थोडी हलतात.

कायद्याचा कागद कँटीनच्या भिंतीवर लागला. माझ्या गादीखात्यातल्या बायका परत मशीनवर बसल्यात. तोतऱ्या म्हाताऱ्याने तो कागद सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, कितीही वेळ लागला तरी कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. हे तुझं काम आहे. जन्मभर झिजलास त्याचं आहे. ते तुझं नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन.

काल सभा झाली. तुझं पत्र बारक्याने वाचलं, एका हातात धरून, सगळं, आवाज न चढवता. मग विचारलं, साथीला परत घ्यायचं का? एकही हात वर झाला नाही. ना तुझ्यावर रागावलेल्यांचा, ना तुझ्यासाठी रडलेल्यांचा. शेवटी बारक्या म्हणाला, 'आईने आधी सांगावं. किल्ली तिच्या हातात होती.'

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकट्या, मला ठाऊक होतं, मी हात वर केला असता तर सगळ्यांचे हात वर गेले असते. कायद्यासाठी नाही, तुझ्यासाठीही नाही. माझ्याकडे बघून. त्या सकाळीही ते माझ्याकडेच बघत होते.

मी हात वर केला नाही.

घरी येऊन पुष्कळ रडले. बारक्याने डाव्या हाताने चहा केला, साखर विसरला, आणि मला म्हणाला, 'आई, मी केला असता ग वर.' तेव्हा तर फारच रडले.

तू ये. नऊ तारखेलाच ये, मास्तरीणबाईंना घेऊन ये, आणि इथेच राहा. आतली खोली झाडून ठेवलीय, तुमच्या दोघांच्या गाद्या नव्याने शिवल्यात. फक्त स्टँडवर उतरू नकोस, तिथून घरी यायचा रस्ता गेटवरून जातो. एक थांबा आधी उतर आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीने ये. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहीन.

तुझी ताई